त्रैराशिक कुठे बसते, कुठे बसत नाही

‘त्रैराशिक’ हा शब्द आता शाळेपेक्षा वादविवादात जास्त ऐकू येतो. ‘असे सरळ त्रैराशिक मांडून चालणार नाही,’ असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याच्या गुणाकार-भागाकाराबद्दल आपली तक्रार नसते. दोन गोष्टी एकमेकींच्या प्रमाणात आहेत हे त्याने न तपासताच धरून चालले, ही तक्रार असते. गणिताची एक रीत अशा तक्रारीचा वाक्प्रचार होऊन बसावी, याचे मला पूर्वीपासून कुतूहल आहे. ज्या शास्त्रकारांनी ही रीत घडवली त्यांना हा आक्षेप ठाऊक होता का? दोन गुणोत्तरे खरोखर प्रमाणात आहेत की नाहीत, हे ते कसे ठरवत? या लेखात त्याचा शोध घेतला आहे.

माझे गणिताचे शिक्षण बारावीपुढे गेले नाही. खानदेशातल्या एका सराफी पेढीवर हिशेबाचे काम करता करता मी ‘लीलावती’कडे वळलो, आणि कोश हाताशी ठेवून संस्कृत जमेल तेवढे शिकलो. त्यामुळे पुढचे विवेचन विद्यापीठातल्या गणितज्ञाचे नाही. ज्याला रोज तराजू आणि वही यांचा मेळ घालावा लागतो अशा माणसाचे आहे.

प्रथम शाळेतली कसोटी आठवू. ४ : ६ आणि १० : १५ ही गुणोत्तरे प्रमाणात आहेत का? बाह्यपदांचा गुणाकार ४ × १५ म्हणजे ६०. मध्यपदांचा गुणाकार ६ × १० म्हणजेही ६०. दोन्ही सारखे, म्हणून चारही संख्या प्रमाणात. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात हीच कसोटी सिद्धतेसह दिलेली आहे, आणि तो ग्रंथ सुमारे इसवी सनपूर्व ३०० चा मानतात. चारही संख्या हातात असतील तर ही कसोटी निर्णायक आहे.

पण व्यवहारात चारही संख्या हातात नसतात. चार गवंडी दिवसाला सहा हात भिंत बांधतात, तर दहा गवंडी किती बांधतील? इथे तीनच संख्या आहेत. चौथी, म्हणजे १५, आपण काढतो, आणि ती काढतानाच प्रमाण गृहीत धरतो. मग तिरका गुणाकार करून ‘बघा, दोन्हीकडे ६०’ असे म्हटले तर त्यातून काही सिद्ध होत नाही. चौथी संख्या आपणच कसोटीला उतरेल अशी बनवलेली आहे. दहा गवंडी एका अरुंद भिंतीपाशी एकमेकांच्या पायात येतील की नाही, हे त्या ६० ला कळत नाही. म्हणजे प्रश्न दोन आहेत. चार संख्या प्रमाणात आहेत का, हा पहिला. तीन संख्यांवरून चौथी काढायला प्रमाणाचा आधार आहे का, हा दुसरा. ग्रीकांनी पहिल्या प्रश्नावर फार खोल विचार केला. युक्लिडच्या पाचव्या पुस्तकात, जे यूडॉक्ससच्या विचारावर उभे आहे असे मानतात, गुणोत्तरांची समानता अशा रीतीने सांगितली आहे की चौरसाचा कर्ण आणि बाजू यांसारख्या, पूर्णांकांच्या गुणोत्तरात न बसणाऱ्या राशींनाही ती लागू पडावी. आपल्याकडच्या आचार्यांचे मन दुसऱ्या प्रश्नाच्या आसपास होते, कारण त्यांना चौथी संख्या हवी होती.

इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने आपल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात त्रैराशिकाची रीत दिली. तीन राशींची नावे ठरलेली आहेत : प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणायचे, प्रमाणाने भागायचे. येते ते इच्छाफल. पुढे ब्रह्मगुप्त, श्रीधर, महावीराचार्य यांनी तीच रीत विस्ताराने सांगितली. मांडणीचा नियम असा, की पहिली आणि तिसरी राशी एकाच जातीची हवी, मधली वेगळ्या जातीची. पहिल्या घरात पैसा असेल तर तिसऱ्यातही पैसाच, आणि मध्ये केशर. हा नियम वरवर मांडणीपुरता वाटतो, पण एक छोटी तपासणी त्यातच आहे. काय कशाच्या प्रमाणात आहे असे तुमचे म्हणणे आहे, ते आधी घरांमध्ये लिहून दाखवावे लागते.

पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये जमिनीत भूर्जपत्रांची एक पोथी सापडली. ती आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. या पोथीचा विशेष असा, की उदाहरण सोडवून झाल्यावर तिच्यात अनेकदा ‘प्रत्यय’ येतो, म्हणजे ताळा, आणि तो त्रैराशिकानेच केलेला असतो. आलेले उत्तर घेऊन उलटे गेले की मूळची संख्या मिळते का, ते पाहायचे. आकडेमोडीतली चूक पकडायला हा उत्तम उपाय आहे. मात्र गृहीतच चुकले असेल तर ताळा जुळूनही उत्तर चुकलेलेच राहते.

हीच रीत पुढे पश्चिमेकडे गेली. अल-बीरुनीने भारतीयांच्या ‘राशिकां’वर, म्हणजे त्रैराशिक आणि त्याच्या विस्तारांवर, अरबीत स्वतंत्र प्रबंध लिहिला. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी तर तिला सोन्याचा नियम असे नाव दिले.

आता आपल्या भास्कराचार्यांकडे येऊ. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, पुरा केला आणि ‘लीलावती’ त्याच सुमाराची. त्रैराशिकाचे त्यांना एवढे महत्त्व वाटे, की चराचरात परमेश्वर जसा भरलेला तसे गणितात त्रैराशिक, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले आहे. त्यांचे केशराचे उदाहरण पाहा. ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? नवात ३/७ एकवीस वेळा जातात, म्हणून केशर अडीचाच्या एकवीस पट, म्हणजे साडेबावन्न पल. इथे प्रमाणाला आधार आहे तो दराचा. दुकानदाराने दर ठरवला आहे आणि गिऱ्हाइकाने किती घेतले म्हणून तो बदलत नाही, असे दोघांनी मान्य केले आहे. घाऊक घेणाऱ्याला सूट मिळाली की हे त्रैराशिक मोडते.

त्यानंतर भास्कराचार्य व्यस्त त्रैराशिकाकडे वळतात. इच्छा वाढली की फल कमी होते, किंवा ती घटली की फल वाढते, तिथे उलटी रीत : प्रमाण आणि फल यांचा गुणाकार करून इच्छेने भागायचे. ही रीत कुठे वापरावी तेही त्यांनी सांगून ठेवले आहे. सजीवांची वयानुसार किंमत, सोन्याचा कस आणि वजन, आणि धान्यासारख्या राशी वेगवेगळ्या मापांनी मोजणे, ही ती तीन स्थळे. इतक्या थोडक्यात रीतीचे क्षेत्र आखून देणे हे मोठ्या शिक्षकाचे लक्षण आहे. पण ही तीन स्थळे खरोखर एका जातीची आहेत का?

धान्याचे उदाहरण आधी घेऊ. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर शंभर मापे भरली. पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरतील? सात शंभर सातशे, भागिले पाच, उत्तर १४०. यातला ७०० हा आकडा म्हणजे काय? ती खळ्यात पडलेली रास आहे, सातशे आढक धान्य. माप बदलले तरी रास तीच राहते. पाच गुणिले १४० म्हणजेही सातशेच, आणि ते तसे का, हे खळ्यावर उभा असलेला कोणीही सांगेल.

सोन्याचे उदाहरण माझ्या धंद्यातले. दहा वर्णांचे, म्हणजे दहा कसाचे, एक गद्याणक सोने एका निष्काला मिळते, तर पंधरा वर्णांचे तेवढ्याच पैशाला किती मिळेल? दहा गुणिले एक, भागिले पंधरा. म्हणजे २/३ गद्याणक. इथे गुणाकार दहा येतो. सोळा वर्णांचे सोने शुद्ध धरले, तर या दहाला सोळाने भागून नगातले शुद्ध सोने निघते. कस बदलो, वजन बदलो, पैसे त्या शुद्ध सोन्याचेच. आजही कॅरेटचा हिशेब आम्ही असाच करतो. १८ कॅरेटचा नग आणि २२ कॅरेटचा नग यांची तुलना करायची तर आधी दोन्हींतले शुद्ध सोने काढतो. दागिन्याच्या किमतीत घडणावळ आली की मात्र हे प्रमाण तिथेच थांबते. बारीक कामाच्या हलक्या दागिन्याची मजुरी जड पाटलीच्या मजुरीपेक्षा जास्त असू शकते. म्हणून बिलात सोने वेगळे आणि घडणावळ वेगळी लिहितात. जे प्रमाणात आहे ते एका रकान्यात, जे नाही ते दुसऱ्यात.

यातून मला एक साधी कसोटी हाती लागली. व्यस्त प्रमाणात दोन राशींचा गुणाकार कायम राहतो, सम प्रमाणात भागाकार. तो कायम राहणारा आकडा जगातल्या कोणत्या वस्तूचा आहे, हे विचारावे. धान्यात तो राशीचा आहे, सोन्यात शुद्ध धातूचा, केशरात दराचा. त्याला नाव देता आले तर प्रमाणाला आधार आहे. एक वाढते तेव्हा दुसरे घटते, एवढे पुरेसे नाही. घटण्याचे प्रकार हजार आहेत आणि व्यस्त प्रमाण हा त्यांतला एकच.

मापाचा हा विषय पुस्तकी नव्हता, याचा पुरावा आमच्या खानदेशातच आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. हा चांगदेव म्हणजे संतकथेतले चांगदेव नव्हेत; हा यादव राजा सिंघण याचा प्रमुख ज्योतिषी. मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला. पुढे किलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. लेखाचा पहिला भाग संस्कृतात आहे, त्यात वंशावळ आणि विद्वत्तेची स्तुती. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजार आहे. मठाला गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल, असे हक्क लावून दिले आहेत. शिवाय जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे आणि मोजणावळ अर्धी मठाला, अर्धी मोजणाऱ्याला, असा नियम आहे.

ज्या मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायचे, त्याच मठाचे माप पेठेत प्रमाण मानायचे. सात आढकांचे माप आणि पाच आढकांचे माप यांचा झगडा व्यस्त त्रैराशिकाने सोडवता येतो हे खरे. पण एकच माप सक्तीचे केले तर तो झगडाच उरत नाही. दोन गुणोत्तरे प्रमाणात असावीत यासाठी व्यवहारालाही काही स्थिर ठेवावे लागते. दर असो, माप असो, कस असो, कोणीतरी तो राखावा लागतो आणि त्याची मोजणावळही द्यावी लागते.

बाजारात प्रमाण माणसांनी राखायचे असते. आकाशात ते कोणी राखत नाही. तिथे चौथी संख्या बाहेरून येऊन ताळा करते. आपल्या आचार्यांचा खरा कस इथे लागला. आर्यभटाची ज्यांची सारणी घ्या. वर्तुळपादाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा. पहिल्या भागाची ज्या २२५. चाप दुप्पट, म्हणजे ४५० कला झाले, तर त्रैराशिकाने ज्या ४५० यायला हवी; भूमितीने येते ४४९. तिप्पट चापाला ६७५ ऐवजी ६७१. चौपट चापाला ९०० ऐवजी ८९०. सुरुवातीला फरक एवढा बारीक आहे की घाईचा माणूस प्रमाणच समजेल. पण शेवटच्या २२५ कलांना ज्या वाढते ती अवघी सातने. इथे चारही संख्या स्वतंत्रपणे मिळालेल्या आहेत, म्हणून शाळेतली कसोटी खरी कामाला येते : २२५ × ४५० आणि २२५ × ४४९ हे सारखे नाहीत. चाप आणि ज्या प्रमाणात नाहीत.

सारणीतल्या दोन आकड्यांमधली ज्या काढायची तर काय करायचे? सोपा मार्ग म्हणजे त्या लहान तुकड्यापुरते प्रमाण धरायचे, आणि बराच काळ तेच चालले. ब्रह्मगुप्ताने ‘खण्डखाद्यक’ या इ.स. ६६५ च्या ग्रंथात त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या सारणीत त्रिज्या १५० आणि दर १५ अंशांना ज्येची वाढ अनुक्रमे ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५. वाढ स्वतःच घटत चालली आहे, हे त्याने हिशेबात धरले. साडेसदतीस अंशांची ज्या काढून पाहू. तीस अंशांना ७५, पंचेचाळीसला १०६. साध्या त्रैराशिकाने मधला आकडा ९०.५ येतो. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने मागच्या ३६ आणि पुढच्या ३१ या दोन्ही वाढी घेऊन दुरुस्ती केली की ९१.१२५ येतो. खरे मूल्य सुमारे ९१.३१ आहे. म्हणजे चूक सुमारे ०.८१ वरून ०.१९ वर आली. भास्कराचार्यांनीही ही दुरुस्ती स्वीकारली आणि तिची उपपत्ती सांगताना पुन्हा अनुपाताचाच आधार घेतला. ज्या प्रमाणात नाही, पण थोड्या अंतरात तिची वाढ प्रमाणात बदलते असे धरता येते. त्रैराशिक टाकून न देता ते एक पायरी खाली नेऊन बसवले. हे पाहिल्यावर माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आक्षेप त्यांना ठाऊक होता. नुसता ठाऊक नव्हता, त्यावर त्यांनी उपायही शोधला होता.

म्हणूनच व्यस्त त्रैराशिकाच्या तीन स्थळांपैकी मागे ठेवलेले पहिले स्थळ अधिक बोचते. ‘लीलावती’तले उदाहरण असे : सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? आणि दोन वर्षे जुंपलेल्या बैलाची किंमत ४ निष्क, तर सहा वर्षे जुंपलेल्याची किती? रीतीने उत्तरे येतात २५ ३/५ निष्क आणि १ १/३ निष्क. आकडेमोड बिनचूक आहे. आता कायम राहणारा आकडा पाहा. सोळा गुणिले बत्तीस म्हणजे ५१२. वीस गुणिले २५ ३/५ म्हणजेही ५१२. हे ५१२ काय आहे? रास नाही, शुद्ध सोने नाही, दर नाही. वर्षे गुणिले निष्क अशी कोणतीही वस्तू जगात नाही. हीच रीत मागे नेली तर आठ वर्षांच्या मुलीची किंमत ६४ निष्क आणि वर्षाच्या तान्ह्या मुलीची ५१२ निष्क ठरेल. असा भाव कोणत्याही बाजाराने दिला नसता. बैलाच्या बाबतीत तर शेतकरी हसेल. म्हातारा बैल व्यस्त प्रमाणात उतरत नाही, एके दिवशी तो कामातूनच जातो.

हे उदाहरण एकट्या भास्कराचार्यांचे नाही. श्रीधराचार्यांच्या ग्रंथातही सजीवांच्या विक्रीचे गणित आहे. ती पाठाची परंपरा होती आणि पाठ जसा चालत आला तसा पुढे गेला. माणसांची विक्री समाजाला परिचित असल्याशिवाय ती मुलांच्या उदाहरणात येत नाही. ‘लेखपद्धति’ या गुजरातेतल्या दस्तऐवजांच्या नमुन्यांच्या संग्रहात तेराव्या शतकातली दासीपत्रे आहेत. त्यांतल्या एकात छाप्यात महाराष्ट्रातून धरून नेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची विक्री आहे. तिचे नाव पनुती. पाटण्याचा मठ आणि हे पत्र यांच्यात फार तर काही दशकांचे अंतर. अशा पत्रांत दळणे, सारवणे, पाणी भरणे, धारा काढणे, शेतातली कामे अशी कामांची यादीच असते. विकत घेणारा वय आणि निष्क यांचा गुणाकार करत नव्हता, तो काम मोजत होता. म्हणून ३२ निष्क हा बाराव्या शतकातला दासीचा बाजारभाव म्हणून वापरण्याचा मोह अभ्यासकांनी टाळावा असे मला वाटते. १६ आणि ३२ हे आकडे हिशेबाला सोयीचे आहेत, एवढेच त्यांच्यावरून खात्रीने म्हणता येते.

भास्कराचार्यांना आजच्या नीतीच्या न्यायालयात उभे करण्याचा माझा हेतू नाही. माझा मुद्दा गणिताच्या आतलाच आहे. ज्येच्या बाबतीत ‘हे खरोखर प्रमाणात आहे का’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, कारण तिथे चूक झाली तर ग्रहणाची वेळ चुकते आणि ते सगळ्या गावाला दिसते. स्त्रीच्या किमतीच्या बाबतीत तो विचारला गेला नाही, कारण तिथे चुकले तरी कोणाचे काही अडत नव्हते. जिचे अडत होते ती हिशेब मांडणाऱ्यांत नव्हती. चौथी संख्या पडताळून पाहण्याचे कष्ट माणूस तेव्हाच घेतो, जेव्हा ती चुकल्याची किंमत त्याला मोजावी लागते.

ही गोष्ट बाराव्या शतकातच राहिलेली नाही. रिक्षाच्या मीटरला किमान भाडे असते आणि विजेच्या बिलाला टप्पे असतात, त्यामुळे तिथे सरळ त्रैराशिक लागत नाही हे आपल्याला लगेच समजते. पैसे आपल्या खिशातून जातात. पण गुणांवरून बुद्धी, एकरांवरून उत्पन्न, हजेरीवरून काम असे हिशेब दुसऱ्यांविषयी मांडले जातात, तेव्हा आपण ५१२ चा अर्थ विचारत नाही. शाळेत तिरका गुणाकार शिकवावाच, ती रीत दीड हजार वर्षे टिकली आहे ती उगाच नाही. मात्र त्यासोबत मुलांना आणखी एक ओळ लिहायला लावावी : या उदाहरणात काय कायम राहते आहे? उत्तर ‘रास’ असेल, ‘दर’ असेल, ‘शुद्ध सोने’ असेल, तर पुढे खुशाल गुणावे आणि भागावे. ती ओळ रिकामी राहिली, तर पेन्सिल तिथेच खाली ठेवावी.